उंची किती, रिस्क किती?

एक्सपायरीच्या दिवशी आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये दोन गट पडतात. एक गट ताटातली भाजी गार होईपर्यंत मोबाइलवरच्या लाल-हिरव्या कँडल्स बघत बसतो. दुसऱ्या गटाचे पैसे एफडीत, तेही आईच्या नावावर. माझा रूममेट पहिल्यातला. गेल्या सेमिस्टरला त्याने परीक्षेची फी एका कॉल ऑप्शनमध्ये घातली आणि दुपारी साडेतीनला तिचं शून्य झालं. फी शेवटी मी भरली. तो बिनधास्त, मी घाबरट, असं म्हणून आम्ही विषय मिटवला.

पण माणूस बिनधास्त होतो कशामुळे? जर्मनीत संशोधकांनी सुमारे २२ हजार लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता. जोखीम घ्यायची तुमची तयारी ० ते १० मध्ये किती? बायकांनी पुरुषांपेक्षा कमी आकडा सांगितला. वय वाढलं तसा आकडा उतरला, आई-वडील जास्त शिकलेले असतील तर चढला. आणि गंमत म्हणजे, उंच माणसांचा आकडा बुटक्यांपेक्षा जास्त निघाला! (माझी उंची पाच फूट तीन इंच. एफडी का आवडते ते आत्ता कळलं.) अर्थात या सगळ्या सरासरीच्या गोष्टी. रूममेट माझ्याहून जेमतेम इंचभर उंच आहे.

मला जास्त पटलं ते माल्मेंडिअर आणि नागेल या दोघांचं काम. अमेरिकेतली काही दशकांची माहिती तपासून त्यांनी दाखवलं, की ज्यांनी बाजाराचे वाईट दिवस स्वतः भोगलेत, ते पुढेही शेअर्सपासून लांबच राहतात. आठवा, १९९२ चा हर्षद मेहता घोटाळा पाहिलेले बाबा लोक आजही ‘शेअर बाजार म्हणजे जुगार’ म्हणतात. याउलट आपल्यापैकी अनेकांनी डिमॅट उघडलं ते २०२० नंतर, बाजार वर जात असताना. पडलेला बाजार आपण बघितलाय तो वेब सीरिजमध्ये.

त्यात पोरांचा फाजील आत्मविश्वास. बार्बर आणि ओडियन यांनी अमेरिकेतल्या ३५ हजारांहून जास्त कुटुंबांची खाती तपासली, तर पुरुष बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त ट्रेडिंग करत होते. या उठाठेवीने त्यांचाच परतावा जास्त घटला. आपल्याकडे ‘सेबी’चा २०२४ चा अहवाल सांगतो, की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर १०० वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ जणांचे पैसे बुडाले. २०२३-२४ मध्ये यातले ४३ टक्के ट्रेडर तिशीच्या आतले होते.

रूममेट माझे पैसे पाचशे-पाचशेने फेडतोय. परवा एका गुंतवणुकीच्या अ‍ॅपवर त्याला प्रश्न आला: बाजार २० टक्के पडला तर काय कराल? त्याने ठोकलं, ‘आणखी खरेदी करेन.’

‘कोणाच्या पैशांनी रे?’ मी विचारलं.

त्याने बॅकचं बटण दाबलं आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला.