एक किलो मटणात मटण किती? हाडासकट मांसाच्या कॅलरी मोजताना हिशोब कुठे चुकतो

धुळवड असो की साधा रविवार, भंडारा जिल्ह्यातल्या अनेक घरांत मटणाचा बेत ठरलेला असतो. दुकानातून एक किलो मटण येतं, कुकरच्या शिट्ट्या होतात आणि तर्रीदार रस्सा भाताबरोबर ताटात पडतो. आता यात एक नवी गोष्ट आली आहे. घरातलं कुणीतरी वजन कमी करत असतं किंवा जिमला जात असतं आणि मोबाइलमधलं अॅप त्याला विचारतं, "किती ग्रॅम मटण खाल्लं?"

या साध्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण चुकीचं देतात. त्याचं कारण म्हणजे हाड.

तक्त्यातले १०० ग्रॅम आणि दुकानातले १०० ग्रॅम

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात ५२८ पदार्थांची माहिती आहे. हे आकडे १०० ग्रॅम 'खाण्यायोग्य भागा'साठी असतात, म्हणजे हाड, साल, बी असं टाकून द्यायचं सगळं वगळून.

दुकानदार मात्र मटण हाडासकट तोलतो. रश्श्यासाठी केलेल्या तुकड्यांत साधारण पाव ते एक तृतीयांश वजन हाडाचं असू शकतं. पुठ्ठ्याच्या भागात ते कमी असतं, तर चाप आणि मानेच्या भागात जास्त. त्यामुळे दुकानातल्या वजनाला तक्त्यातल्या आकड्याने गुणलं की हाडाच्याही कॅलरी मोजल्या जातात.

या तक्त्यांत आणखी एक गोम आहे. त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. ५०० किलोज्यूल म्हणजे साधारण १२० कॅलरी. एकक न पाहता ५०० हाच आकडा कॅलरी म्हणून घेतला, तर हिशोब चौपट होतो.

हाड वजा कसं करायचं?

त्यासाठी स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. समजा, साकोलीतल्या चार जणांच्या घरात १ किलो मटण आणलं.

१. धुऊन, पाणी निथळून कच्च्या मटणाचं वजन केलं: १००० ग्रॅम.
२. जेवण झाल्यावर सगळ्यांच्या ताटातली हाडं एका भांड्यात गोळा केली. चिकटलेला रस्सा पाण्याने काढून, पुसून वजन केलं: २८० ग्रॅम.
३. १००० मधून २८० वजा केले. खाण्यायोग्य कच्चं मटण झालं ७२० ग्रॅम.

चरबी कमी असलेल्या बोकडाच्या कच्च्या मटणात १०० ग्रॅमला साधारण ११० ते १२० कॅलरी असतात. १२० धरल्या तर ७२० ग्रॅमच्या ८६४ कॅलरी होतात. हाडासकट १००० ग्रॅम धरले असते, तर आकडा १२०० आला असता. म्हणजे ३३६ कॅलरी फुकटच्या मोजल्या गेल्या असत्या.

शिजताना हाडाचंही वजन थोडं घटतं. त्यामुळे ही पद्धत काटेकोर नाही, पण घरगुती हिशोबाला पुरेशी जवळची आहे.

कच्चं की शिजलेलं?

दुसरी चूक याच्या अगदी उलट दिशेने होते. शिजताना मांसातलं पाणी निघून जातं आणि वजन साधारण पाव हिश्शाने, कधी त्याहूनही जास्त घटतं. वरचे ७२० ग्रॅम मटण शिजून ५४० ग्रॅमच्या आसपास राहतं. कॅलरी जवळपास तेवढ्याच असतात, फक्त त्या कमी वजनात सामावतात. म्हणून शिजलेल्या १०० ग्रॅम मटणात साधारण १६० कॅलरी धराव्या लागतात.

शिजलेले ५४० ग्रॅम तोलून त्याला कच्च्याचा १२० हा आकडा लावला, तर हिशोब २१६ कॅलरींनी कमी येतो. त्यामुळे नियम एकच: कच्च्या वजनाला कच्च्याचा आकडा, शिजलेल्या वजनाला शिजलेल्याचा. आणि दोन्हीकडे वजन हाडाशिवायचं.

फक्त स्वतःच्या ताटाचा हिशोब

घरातला एकच माणूस मोजत असेल, तर सगळ्यांची हाडं गोळा करायची गरज नाही. वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि रस्सा निथळून आपले तुकडे तोलावेत. समजा, ते २०० ग्रॅम भरले. जेवणानंतर आपलीच हाडं तोलली, ती ६० ग्रॅम निघाली. खाल्लेलं मटण १४० ग्रॅम, म्हणजे सुमारे २२५ कॅलरी.

इथे कॅलरीपेक्षा प्रथिनांचा फरक जास्त महत्त्वाचा आहे. शिजलेल्या १०० ग्रॅम मटणात साधारण २७ ग्रॅम प्रथिनं असतात. हाडासकट २०० ग्रॅम धरले तर ५४ ग्रॅम प्रथिनं दिसतात. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या निरोगी पुरुषाला दिवसाला साधारण ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे अॅपवर दिवसाचा कोटा पूर्ण झालेला दिसतो, पण प्रत्यक्षात पोटात ३८ ग्रॅमच गेलेली असतात.

नळी चोखून खाल्ली असेल तर ती रिकामी झाल्यावरच तोलावी. आतला मगज चरबीचा असल्यामुळे कॅलरी थोड्या वाढतात, पण एखाद्या नळीत तो काही ग्रॅमच असतो.

कोंबडी आणि मासळी

कोंबडीलाही हीच पद्धत लागू होते. पंखात हाड जास्त, लेगपीसमध्ये त्याहून कमी, तर छातीच्या तुकड्यात सगळ्यात कमी. कातडीसकट कोंबडी घेतली तर चरबी वाढते, म्हणून आकडाही कातडीसकटचाच घ्यावा.

भंडारा हा तलावांचा जिल्हा, त्यात वैनगंगाही इथूनच वाहते. त्यामुळे मासळीचा हिशोबही आलाच. रोहू, कतला असे मोठे मासे खवले, पोटातली घाण आणि खायचं नसेल तर डोकं काढून झाल्यावर तोलावेत आणि शेवटी काटे वजा करावेत. बारीक मासळी आणि झिंगे मात्र काट्या-सालासकट खाल्ले जात असतील, तर वजा करण्यासारखं काही उरत नाही.

खरा भार तर्रीत

हाडाचा हिशोब अचूक जमला, तरी एक मोठी गोष्ट सुटू शकते. वरच्या १ किलो मटणाला १०० ग्रॅम तेल आणि ५० ग्रॅम सुकं खोबरं लागलं असं धरू. तेलाच्या १ ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, म्हणजे तेलाच्याच ९०० झाल्या. खोबऱ्याच्या आणखी सुमारे ३३०. आणि मटणाच्या होत्या ८६४!

चार जणांत सारखं वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला मटणाच्या २१६ आणि तेलाच्या २२५ कॅलरी येतात. पण तर्री सारखी वाटली जात नाही. ती वर तरंगते आणि ज्याची वाटी आधी भरते त्याच्याकडे जास्त जाते. त्यामुळे कढईत तेल ओतण्याआधी ते तोलून घेणं आणि वाढताना रस्सा नीट ढवळणं, या दोन गोष्टींनी हिशोब बराच सुधारतो. वजन कमी करायचं असेल त्याने तर्री बाजूला सारून खालचा रस्सा घ्यावा.

दर वेळी हाडं तोलायची का?

नाही. एकाच दुकानातून, एकाच प्रकारचे तुकडे घेतले जात असतील तर तीन-चार वेळा हाडं तोलून सरासरी काढावी. ती २८ टक्के आली, तर पुढच्या वेळी कच्च्या वजनाला ०.७२ ने गुणलं की काम झालं. दुकान बदललं, भाग बदलला किंवा मटणाऐवजी कोंबडी आली, की मोजणी पुन्हा एकदा करावी.

मधुमेह किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र किती प्रथिनं आणि किती तेल चालेल, हे आधी डॉक्टरांना विचारून ठरवावं.