गळ, मरळ आणि टेंभूचं पाणी

आटपाडी तालुक्यात वर्षाकाठी पाऊस ५०० मिलीमीटरच्या आत. असल्या मुलखातल्या मासेमारीचा मागोवा घ्यायचा म्हटलं की लोकांना नवल वाटतं. पण आटपाडी, दिघंची, घाणंद, निंबवडे इथल्या तलावांच्या काठाला गेल्या पन्नास वर्षांत गळ टाकणारी माणसं येत राहिली. तलाव आटला की ती दिसेनाशी व्हायची, सांडवा वाहिला की पुन्हा हजर. या तालुक्यात पाणी कधी आलं आणि किती टिकलं, हे गळाला काय लागत होतं त्यावरून सांगता येतं, असं माझं ठाम मत आहे.

राजेवाडीचा मोठा तलाव इंग्रज अमदानीतला, दुष्काळी कामातून झालेला. बारक्या पाझर तलावांची गोष्ट वेगळी. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर माणदेशी बायाबापड्यांनी पाट्या वाहून असे तलाव उभे केले. ते उथळ, पसरट. काठापासून बरंच आत गेलं तरी पाणी कमरेएवढंच. चांगलं साल असेल तर पाणी होळीपर्यंत, नाहीतर संक्रांतीलाच तळ उघडा. कटला, रोहू, मृगळ यांना अंडी घालायला वाहतं पाणी लागतं, साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. बोटुकली आणून सोडली तरच ती मासळी, आणि बोटुकली मोठी व्हायच्या आत तलाव कोरडा. मग गळाला लागायची ती शिंगट्यासारखी बारीक मासळी. आणि नशीब असेल तर मरळ.

मरळ हा खरा दुष्काळी मुलखाचा मासा. तो पाण्याबाहेरची हवा घेऊ शकतो; पाणी हटलं तरी ओल्या चिखलात दम धरून राहतो. व्यंकटेश माडगूळकर याच तालुक्यातल्या माडगुळ्याचे. त्यांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) अख्खं गाव दुष्काळाने उठून जातं. माणसं आणि मेंढरं जगायला बाहेर पडत, तेव्हा मरळ मात्र तळाच्या चिखलात पुढच्या पावसाची वाट बघत असायची. पहिलं पाणी साचलं की तलावात ती आधीपासूनच असायची.

त्या काळातलं सामान साधं होतं. बांबूची काठी, तंगूस, बाजारातला चार आण्याचा गळ, ज्वारीच्या धाटाचा बोटभर तुकडा तरंगायला, आणि गांडूळ. धाटाचा तुकडा नुसता थरथरला तर बारकं काहीतरी टोचतंय. आडवा सरकत जाऊन एकदम बुडाला तर ओढायचं. मरळीसाठी मात्र बसून भागत नसे. गळाला बेडूक लावून तो काठच्या गवतातून, शेवाळावरून हळूहळू ओढत न्यायचा. मरळ दबा धरून असते, हलतं भक्ष्य दिसलं की झडप घालते.

ओढत्या गळाची ही रीत जगभर आहे. अमेरिकेतल्या उथळ तळ्यांवर ब्लूगिल, क्रॅपी अशी तळहाताएवढी मासळी धरायला शिशाच्या मण्यात बसवलेला इवलासा गळ सावकाश चालणाऱ्या होडीमागून ओढतात. लहान मासळी घोळक्याने फिरते, म्हणून एका जागी बसण्यापेक्षा तिच्यापर्यंत जायचं, हे त्यामागचं गणित. आपल्याकडे होडीची जागा भरावाने घ्यायची. तंगूस सोडून पिचिंगच्या कडेने पाऊल पाऊल चालायचं. गळ तळाला घासू नये आणि वरही तरंगू नये, एवढाच वेग. मध्येच थांबलं की गळ अलगद खाली बसू लागतो, आणि मासा पुष्कळदा नेमका तेव्हाच तोंड घालतो. आता पोरं रीळ लावलेल्या काठ्या आणि रबरी बेडूक ऑनलाइन मागवतात. रबरी बेडकाने खऱ्या बेडकांचा जीव वाचतो, म्हणून मला तो पसंत आहे.

मोठा बदल झाला तो पाण्यात. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर या पाणी चळवळीच्या नेत्यांसोबत तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं उभी राहिली. कराड तालुक्यात टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने या माळावर आणायचं, हे तेव्हा स्वप्नच वाटे. २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावण्यांत जनावरं बांधलेली होती आणि तलावांत भेगा होत्या. आज टेंभूच्या आवर्तनात तलाव भरून घेतले जातात. २०१९ आणि २०२० च्या परतीच्या पावसाने तर माणगंगा नदीही दुथडी वाहिली. डाळिंबाच्या बागांना पाणी मिळालं, शेततळी झाली. हे पाणी लढून मिळवलेलं आहे आणि त्याचं मोल कशानेही कमी होत नाही.

मात्र टिकलेल्या पाण्यात चिलापी माजली. चिलापी म्हणजे मोझांबिक तिलापिया; हा मासा भारतात आला १९५२ साली. १९५९ मध्ये त्याच्या प्रसाराला मनाईही झाली, पण तोवर तो पसरला होता. मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते. पाणी थोडं ओसरलं की काठच्या चिखलात नरांनी उकरलेले ताटाएवढे गोल खड्डे एकाला एक लागून दिसतात. गळ टाकला की तीच, तळहाताएवढी, पाठीचे काटे उभारून हात रक्ताळणारी. पूर्वी तलाव कोरडा पडला की चिलापी संपायची आणि चिखलातली मरळ उरायची. आता कोरड पडत नाही, आणि मरळीची ती एकटीची जमेची बाजू गेली.

कोरड परत यावी असं माणदेशात कोणीही म्हणणार नाही. म्हणून मरळ राखायचं काम आपल्याच हातात आहे. पावसाळ्यात गवताच्या कडेला पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा घोळका हवा घ्यायला वर येताना दिसतो. खाली आईबाप राखणीला असतात आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात. म्हणूनच त्या वेळी ते सहज गळाला लागतात, आणि ते गेले की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. गळ टाकणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : चिलापी हवी तेवढी धरा, पण असा घोळका दिसला तर तिथून गळ काढून घ्या आणि शेजारच्यालाही सांगा.