संगणकाला मराठी कशी कळते?

स्मरणिकेसाठी संगणक व माहिती तंत्रज्ञान या विषयावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. या विषयावरील लेख बहुधा नव्या उपकरणांच्या गुणवर्णनात संपतात, आणि लेख छापून येईपर्यंत ती उपकरणे जुनी झालेली असतात. म्हणून मी मुद्दाम अशी एक गोष्ट निवडली आहे की जिचा गाभा गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बदललेला नाही, जी विद्यालयाच्या दप्तराशी रोज निगडित आहे, आणि तरीही जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपण टंकित केलेली मराठी अक्षरे संगणकाच्या आत कोणत्या रूपाने राहतात, हा तो प्रश्न होय.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला केवळ अंक ठाऊक असतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावयाचा आणि तो क्रमांक साठवावयाचा, एवढीच त्याची लेखनविद्या. अमेरिकेत १९६३ साली 'ॲस्की' नावाचा असा एक तक्ता ठरला. त्यात एकूण १२८ जागा होत्या आणि रोमन लिपीतील मोठ्या 'ए'ला ६५ हा क्रमांक मिळाला. देवनागरीला त्यात जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि जगातील लिपींना एकाच तक्त्यात क्रमांक देण्याचे काम सुरू झाले. त्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा आहेत. 'क'चा क्रमांक २३२५. तो पुण्यातही तोच आणि टोकियोतही तोच.

आता 'बुद्ध' हा शब्द घेऊ. आपल्या डोळ्यांना त्यात दोन अक्षरे दिसतात. संगणक मात्र पाच मोजतो: ब (२३४८), ऱ्हस्व उकार (२३६९), द (२३४२), हलन्त म्हणजे पाय मोडल्याची खूण (२३८१) आणि ध (२३४३). 'द्ध' हे जोडाक्षर त्याच्या स्मृतीत कोठेही नसते. द, हलन्त आणि ध हे तीन क्रमांक ओळीने आले की पडद्यावर कोणते रूप काढावयाचे, हे फॉन्ट ऐनवेळी ठरवतो. ज्या विद्यार्थ्यांना पायथन ही संगणकभाषा शिकावयास मिळेल, त्यांनी या शब्दाची लांबी संगणकाला विचारून पाहावी. उत्तर ५ येईल. शब्द उलटा करावयास सांगितला तर 'ध्दुब' असे काहीतरी विचित्र पुढे येईल. हा खेळ पाच मिनिटांचा आहे, परंतु लिपी आणि तिचे दृश्य रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके व्याख्यानातून होत नाही.

तक्ता १९९१ साली आला, तरी आपल्या कार्यालयांत तो पोहोचण्यास बराच काळ गेला. वस्तुतः भारतीय लिपींचा विचार येथे आधीच झाला होता. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान, तसेच 'इस्की' हे भारतीय मानक, ही त्याची फळे. युनिकोडमधील भारतीय लिपींची मांडणीही इस्कीवरूनच घेतलेली आहे. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय संगणकप्रणालीतच मिळू लागली, आणि तिच्यासोबतचा 'मंगल' हा फॉन्ट मुंबईचे सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविलेला होता.

तोवर छपाईच्या व्यवसायाने दुसरी एक युक्ती काढली होती. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक तसेच ठेवावयाचे आणि फॉन्टमध्ये त्या अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवावयाच्या. हिंदी प्रदेशांत प्रचलित असलेल्या 'कृतिदेव' फॉन्टात 'कमल' लिहिले, तर संगणकाच्या स्मृतीत डी, ई, वाय ही तीन रोमन अक्षरे राहतात. फॉन्ट काढून घेतला की कमळ नाहीसे होते. आपल्याकडच्या अनेक जुन्या मराठी फॉन्टांची रीतही हीच. फक्त कोणत्या अक्षराच्या जागी कोणती आकृती, हे प्रत्येकाचे निराळे. त्या काळातील डीटीपी चालकांना यासाठी दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्याच हातून आपली पाक्षिके, जयंतीची पत्रके आणि स्मरणिका छापल्या गेल्या. मजकूर कागदावर उमटविणे एवढेच उद्दिष्ट असेल, तर ही युक्ती उत्तम होती. मात्र कागद संपला की मजकूरही संपतो, ही तिची किंमत होती.

एका शिक्षणसंस्थेचे जुने वार्षिक अहवाल पाहण्याचा मला योग आला. कागदी प्रतींना वाळवी लागली होती. सीडीवरील फाइली मात्र सुरक्षित होत्या. त्या उघडल्या तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा ढीग दिसला. ज्या संगणकावर तो फॉन्ट होता, तो केव्हाच भंगारात गेला होता. फॉन्टचे नाव एका जुन्या कर्मचाऱ्याला आठवत होते, म्हणून परिवर्तक प्रणालीने बराचसा मजकूर युनिकोडमध्ये परत आणता आला. रफार आणि जोडाक्षरे मात्र हातानेच दुरुस्त करावी लागली. नाव आठवणारे कोणी नसते तर हे काम कित्येक पटींनी अवघड झाले असते.

याहून सूक्ष्म असा एक घोटाळा आपल्या समाजात रोजचा आहे. फलकांवर, निमंत्रणपत्रिकांवर आणि कधी कधी विहारांच्या कमानींवरही 'बुध्द', 'सिध्दार्थ', 'शुध्दोदन' असे लिहिलेले आढळते. अनेक जुन्या फॉन्टांत 'द्ध' ही एकच तयार आकृती होती. ती उमटली की काम झाले, द आधी की ध आधी हा प्रश्न टंकलेखकापुढे येतच नसे. युनिकोडमध्ये क्रम महत्त्वाचा झाला. 'बुद्ध' आणि 'बुध्द' हे माणसाच्या वाचनात एकच. संगणकाला ते दोन भिन्न शब्द होत. एक शोधला तर दुसरा सापडणार नाही.

ही केवळ शुद्धलेखनाची बाब आहे, असे कोणी म्हणेल. परंतु विद्यालयाच्या जनरल रजिस्टरमध्ये एखाद्या मुलाचे नाव 'सिद्धार्थ' असेल, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'सिध्दार्थ' झाले असेल आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात पुन्हा पहिले रूप भरले गेले असेल, तर काय होते? पूर्वी कागद पाहणारा लिपिक मनुष्य होता. त्याला दोन्ही नावे एकाच मुलाची आहेत हे कळे. आता पडताळणीचे पहिले काम यंत्राकडे गेले आहे, आणि दोन ओळींतील अंक जुळत नसतील तर यंत्र 'नाव जुळत नाही' एवढेच सांगते. मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्र, मग तालुक्याच्या फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला पालकांच्या मजुरीचा एक खाडा. कळफलकावरच्या दोन कळांचा क्रम चुकल्याची ही शिक्षा फार मोठी आहे.

यामुळेच, देणगीदार 'मुलांसाठी कोणते उपकरण द्यावे' असे विचारतात तेव्हा माझे उत्तर त्यांना थोडे निरस वाटते. वीस साधे कळफलक द्या, असे मी सांगतो. स्मार्ट बोर्डावर देणगीदाराचे नाव ठळक दिसते, हे मला मान्य आहे. परंतु त्यावर शिक्षक लिहितो आणि मुले पाहतात. कळफलकावर मुलाला स्वतःलाच लिहावे लागते. मोबाइल वाचण्यास उत्तम आहे, बोलून लिहिण्याची त्यातील सोयही आता चांगली झाली आहे. मात्र पन्नास नावांची यादी तयार करणे, ती तपासणे आणि क्रमाने लावणे हे काम अंगठ्यांनी होत नाही. त्यासाठी नवा संगणकही लागत नाही. कार्यालयांतून बाद झालेल्या संगणकावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती घातली, तर टंकलेखनापुरता तो आणखी काही वर्षे चालतो, आणि मराठी कळफलक तीत विनामूल्य असतो.

त्या कळफलकाचे नाव इनस्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ साली प्रमाणित केला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. जेथे 'क' आहे तेथेच शिफ्ट दाबून 'ख'. 'ग'च्या कळेवर 'घ'. 'त'च्या कळेवर 'थ'. उकाराच्या कळेवर शिफ्ट दाबली की 'उ' मिळतो. ज्या मुलाने पहिलीत बाराखडी घोकली आहे, त्याला ही रचना अर्धी आधीच पाठ असते. रोमन अक्षरांतून मराठी उमटविण्याची पद्धत आज अधिक लोकप्रिय आहे आणि प्रौढांनी ती खुशाल वापरावी. मुलांना मात्र मराठी शब्द लिहिताना आधी त्याचे इंग्रजी स्पेलिंग मनात जुळवावयास लावणे मला रुचत नाही. शिवाय इनस्क्रिप्टची मांडणी गुजराती, बंगाली, कन्नड या लिपींसाठीही तीच आहे.

ही समांतरता तक्त्यातही आहे. मराठीचा 'क' २३२५, बंगालीचा २४५३, गुजरातीचा २७०९. बंगाली 'क' देवनागरीच्या १२८ घरे पुढे. गुजराती आणखी दोनदा १२८ पुढे. एका लिपीतील मजकूर दुसऱ्या लिपीत दाखविणे यामुळे पुष्कळसे सोपे होते. लिपी बदलली तरी पाठ तोच राहतो, याचे सुंदर उदाहरण पाली वाङ्मयात आहे. रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या छट्ठ संगायनेचे तिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकावर आणले. तेथे तोच पाली पाठ देवनागरी, रोमन, सिंहली, थाई, म्यानमारी अशा लिपींत वाचता येतो. पानांची नुसती छायाचित्रे साठविली असती, तर हे शक्य झाले नसते.

राहिला प्रश्न नोकरीचा. आमच्या वसतिगृहातील मुलांना आयटी क्षेत्रात इंग्रजीमुळे अडचण येईल, अशी चिंता शिक्षक व्यक्त करतात. ती निराधार नाही. मुलाखत, पत्रव्यवहार, तांत्रिक पुस्तके ही सारी इंग्रजीत असतात आणि तेवढे इंग्रजी मेहनतीने कमवावेच लागते. परंतु संगणकभाषा म्हणजे इंग्रजी भाषा नव्हे. पायथनमधील राखीव शब्द अवघे ३५ आहेत. या क्षेत्रातील दैनंदिन कामाचा मोठा भाग म्हणजे याद्या, नावे, पत्ते, नोंदी नीट राखणे हाच असतो, आणि तेथे भाषेची जाण उपयोगी पडते. एक उदाहरण देतो. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. तक्त्यात मात्र तो 'ल' (२३५४) आणि 'व' (२३५७) यांच्या मध्ये, २३५५ वर आहे. केवळ क्रमांकांवरून शब्द लावणाऱ्या प्रणालीत मराठी शब्दकोशाचा क्रम चुकणारच. ती चूक आहे हे प्रथम कोणाला तरी जाणवावे लागते, आणि ते बहुभाषिक चमूतील मराठी जाणणाऱ्यालाच जाणवते. तसेच 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर तक्त्यात २००८ साली आले. त्यापूर्वी ते 'अ'वर चंद्र देऊन लिहिले जाई. दोन्ही रूपे पडद्यावर सारखी, आत वेगळी. ज्याला हे ठाऊक आहे तो तासाभराचे काम वाचवतो.

विद्यालयाच्या जुन्या फाइलींसाठी एवढे करता येईल. प्रत्येक फाइल कोणत्या फॉन्टात आहे ते, सांगणारी माणसे आहेत तोवर, लिहून घ्यावे. मग मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तित करून छापील प्रतीशी ताडावा. एका विद्यार्थ्याने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. अहवाल व लेख यांत 'ध्द' शोधून सर्वत्र 'द्ध' घालावा. 'ध्द' हे जोडाक्षर शुद्ध मराठी शब्दांत येत नसल्याने हे एका आज्ञेत करण्यास हरकत नाही. जनरल रजिस्टरमधील नावांना मात्र असा परस्पर हात लावू नये. तेथील बदलास रीतसर मान्यता लागते. ती मिळेपर्यंत नाव शोधताना दोन्ही रूपे टंकित करून पाहावीत.