वळशाने मिळालेली पत

पुण्याहून दिल्लीला जायचे असेल तर शहाणा माणूस थेट विमान पाहतो. दोन-सव्वादोन तासांत तो दिल्लीत उतरतो आणि कामाला लागतो. पण जगात माणसांची अशीही एक जमात आहे, की ती आधी बंगळूरला जाईल, तिथून कोलकात्याला, मग दिल्लीला. आणि दिल्ली विमानतळाच्या बाहेर पाऊलसुद्धा न टाकता तशाच दुसऱ्या वळशाने रात्री घरी परतेल. दिल्लीत कोणी आजारी नाही, कोणाचे लग्न नाही, कोर्टाची तारीख नाही. मग हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? तर कंपनीच्या खात्यावर मैल जमा व्हावेत, ३१ डिसेंबरच्या आत ठराविक आकडा गाठला जावा, आणि पुढचे वर्षभर आपले कार्ड रुपेरीचे सोनेरी व्हावे, यासाठी. इंग्रजीत या प्रकाराला ‘मायलेज रन’ म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही, कारण आपल्याकडे अशी धाव आजवर फक्त देवाभोवती घेतली जात होती.

या वेडाचा जन्म हिशेबातून झाला. अमेरिकेतील टेक्सास इंटरनॅशनल या कंपनीने १९७९ मध्ये प्रवाशाने कापलेले मैल मोजून त्याला बक्षीस द्यायला सुरुवात केली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने तीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली, आणि पाहता पाहता जगातील बहुतेक कंपन्यांनी खातेवह्या उघडल्या. पुढे या खात्यांना पायऱ्या आल्या. वर्षाला इतके मैल केले की रुपेरी, इतके केले की सोनेरी. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत पहिल्या पायरीसाठी वर्षानुवर्षे आकडा होता २५ हजार मैलांचा. त्याचे किलोमीटर करा. चाळीस हजार दोनशेच्या घरात जातात. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर चाळीस हजार पंच्याहत्तर किलोमीटर आहे. म्हणजे अगदी तळाची पायरी चढायला एक पृथ्वीप्रदक्षिणा!

इथे कार्तिकेयाची आठवण होणे अपरिहार्य आहे. पृथ्वीला फेरी घालून जो आधी येईल तो श्रेष्ठ, अशी पैज लागली. कार्तिकेय मोरावर बसून निघाला आणि गणपतीने आईबापांना प्रदक्षिणा घालून पैज जिंकली. ही गोष्ट आपण बुद्धीचा विजय म्हणून मुलांना सांगतो. मला ती नियमांची गोष्ट वाटते. पैजेच्या शब्दांतली फट गणपतीला दिसली. आजचे वळसेकरीही कार्तिकेयाचे कष्ट आणि गणपतीची फट शोधण्याची नजर या दोहोंचे मिश्रण आहेत. अनेक अमेरिकन कंपन्यांत उड्डाण कितीही लहान असले तरी किमान पाचशे मैल धरले जात. मग एका लांब उड्डाणाऐवजी चार आखूड उड्डाणे घ्यायची! कंपनीने नियम केला माणसे बांधून ठेवण्यासाठी. माणसांनी तो नियमच कामाला जुंपला.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला या वेडात परक्यासारखे काहीच वाटत नाही. काउंटरच्या आत बसून मी एक गोष्ट पाहिली आहे. माणसे पैशाकडे जितक्या हावरेपणाने पाहतात, त्याहून अधिक हावरेपणाने मोफत मिळणाऱ्या पैशाकडे पाहतात. अमेरिकेच्या टांकसाळीने २००८ पासून एक डॉलरची नाणी लोकांना दर्शनी किमतीत घरपोच द्यायला सुरुवात केली. पोचवण्याचा खर्चही सरकारचा. हेतू हा, की नाणी चलनात यावीत. हुशार मंडळींनी क्रेडिट कार्डावर हजारो डॉलरची नाणी मागवली, कार्डावर तेवढे मैल मिळवले, आणि खोकी बँकेत नेऊन भरली. त्याच पैशांतून कार्डाचे बिल चुकते! अखेर २०११ मध्ये टांकसाळीने कार्डावरची ही विक्री बंद केली. त्या खोक्यांतली नाणी मोजणाऱ्या रोखपालाच्या चेहऱ्याची मी कल्पना करू शकतो.

आता कोणी म्हणेल, ही अमेरिकेची थेरे. आपली माणसे अशी नाहीत. तसे समजण्याचे कारण नाही. आपल्याकडे या वळशाचे नाव वेगळे होते. सरकारी नोकरांत त्याला एलटीसी म्हणत, आम्हा बँकवाल्यांत एलएफसी. म्हणजे रजेवर जाताना मालकाने दिलेले प्रवासभाडे. गावी जा, नाहीतर ठराविक वर्षांतून एकदा भारतात कुठेही जा. या ‘कुठेही’मध्ये मध्यमवर्गाची अर्धी स्वप्ने साठलेली असत. ज्यांचे आईवडील पंढरपूरपलीकडे गेले नव्हते, अशा कारकुनांनी या सवलतीवर कन्याकुमारी पाहिली, दार्जिलिंग पाहिले, मुलांना हिमालय दाखवला. त्या सवलतीची मी थट्टा करणार नाही. मात्र नकाशावर सर्वांत दूरचे ठिकाण कोणते, आणि तिथे जाताना वाटेत काय काय ‘मारता’ येईल, याची चर्चा जेवणाच्या सुट्टीत ज्या तन्मयतेने चाले, तेवढी तन्मयता ताळेबंदाच्या वाट्याला क्वचितच येई.

ही तन्मयता कुठवर गेली, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या एका निकालात वाचायला मिळते. प्रकरण स्टेट बँकेचे होते. काही कर्मचाऱ्यांनी सवलतीचा प्रवास परदेशमार्गे केला होता. त्यातल्या एकाचा मार्ग असा : दिल्ली, मदुराई, कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, पुन्हा कोलंबो आणि दिल्ली. कागदावर गंतव्यस्थान मदुराई. मीनाक्षीचे दर्शन निमित्तमात्र, खरा प्रसाद सिंगापुरात! बँकेचे म्हणणे असे, की आम्ही परदेशाचे भाडे दिलेच नाही. देशातल्या देशात सर्वांत जवळच्या मार्गाचे जेवढे झाले असते, तेवढेच दिले. न्यायालयाने ते मानले नाही. आयकराची सूट भारतातल्या एका ठिकाणाहून भारतातल्या दुसऱ्या ठिकाणी, जवळच्या मार्गाने केलेल्या प्रवासाला आहे. परदेशाचा फेरा त्यात आला की ती सूट उरत नाही, आणि बँकेने त्या रकमेवर कर कापायला हवा होता, असा निर्वाळा दिला. ‘जवळचा मार्ग’ या दोन शब्दांसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला वेळ द्यावा लागला, यातच वळशाचे माहात्म्य आले.

मात्र या दोन वळशांत एक फरक आहे. आमचा कर्मचारी निदान सिंगापूर पाहून आला. मायलेज रनवाला काहीच पाहत नाही. त्याला हवा असतो दर्जा. वेगळी रांग, विसाव्याची गार खोली, एक जादा बॅग, जमल्यास पुढच्या वर्गातली खुर्ची, आणि हवाईसुंदरीने नाव घेऊन केलेले स्वागत. मराठीत यासाठी एक फार अर्थपूर्ण शब्द आहे : पत. बँकेत पत म्हणजे कर्ज मिळण्याची लायकी, आणि गावात पत म्हणजे माणसाच्या शब्दाची किंमत. गावातली पत मिळायला दोन पिढ्या लागतात, पण ती ३१ डिसेंबरला संपत नाही. कार्डावरची पत वर्षात मिळते आणि वर्षात विरते. ती टिकवायला पुन्हा धावावे लागते. माणसाला आदर विकत घ्यावासा वाटतो, कारण तो फुकट मिळणाऱ्या जागा कमी झाल्या आहेत. साहेब म्हणणारी माणसे निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी कशी पांगतात, हे ज्याने पाहिले आहे, तो या धावणाऱ्याला हसणार नाही.

हसायचे असेल तर कंपन्यांच्या ताळेबंदाला हसावे. हे मैल कंपनीच्या दृष्टीने देणे असते. पण तेच मैल कार्ड देणाऱ्या बँकांना घाऊक भावाने विकून कंपन्या रोकड मिळवतात. २०२० मध्ये महामारीने विमाने जमिनीवर बसली, तेव्हा युनायटेड कंपनीने आपली मैलांची योजनाच तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. डेल्टाने त्याच वर्षी त्याच मार्गाने ९ अब्ज. सावकाराने विमानांपेक्षा वहीवर भरवसा ठेवला! आणि ज्याच्या नावावर ते मैल आहेत, त्या खातेदाराचा मात्र त्या वहीवर काहीच ताबा नसतो. आपल्याकडे २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, तेव्हा तिच्या ‘किंग क्लब’मधल्या मैलांची माती झाली.

मी हे लिहितो आहे ते खर्ड्यात बसून. जामखेड तालुक्यातल्या या गावाला रेल्वे नाही. जिल्ह्यात विमानतळ आहे. शिर्डीचा, २०१७ मध्ये सुरू झालेला, पण तो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तरीही येणे असलेली बाकी आणि हाती आलेली रक्कम यांतला फरक शिकायला खर्ड्यासारखी जागा नाही. ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाला येथे हरवले. भांडणाचे मूळ हिशेबातच होते : चौथाईची थकबाकी. किल्ल्यात अडकलेल्या निजामाने दौलताबादसह मोठा मुलूख आणि तीन कोटी रुपये देण्याचे कबूल केले, आपला दिवाण मुशीर-उल्-मुल्क पुण्याच्या स्वाधीन केला. वहीत जमा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पेशवाईच्या वारशाचा गोंधळ माजला, आणि १७९६ मध्ये महाडच्या तहात निजामाची मदत मिळवण्यासाठी नाना फडणिसांना त्यातले बहुतेक परत सोडावे लागले. खर्ड्याचे मैल वटवण्याआधीच मुदतबाह्य झाले, असे आजच्या भाषेत म्हणता येईल.

मायलेज रनचीही आता संध्याकाळ झाली आहे. डेल्टा आणि युनायटेडने २०१५ मध्ये, अमेरिकनने २०१६ मध्ये बक्षिसाचे मैल अंतराऐवजी तिकिटाच्या किमतीवर द्यायला सुरुवात केली. एअर इंडियाने २०२४ मध्ये, ब्रिटिश एअरवेजने २०२५ मध्ये दर्जाची मोजणीही खर्चाकडे वळवली. आता कितीही फिरा, स्वस्त तिकिटावर फारसे काही पदरात पडत नाही. यात कंपन्यांचे काय चुकले, असे व्यवहारी माणूस विचारील. पर्यावरणाची काळजी करणाऱ्यांनाही बरेच वाटेल. ब्रिटनच्या हवामान समितीसाठी २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासात, या योजना गरज नसताना विमानात बसायला लावतात म्हणून त्यांच्यावर बंदी घालावी, अशी शिफारसच होती. ती मलाही पटते. रिकाम्या कामासाठी जाळलेल्या इंधनाचे समर्थन कोण करील? पण एक खंत उरते. जुन्या वहीत अंगमेहनतीला किंमत होती. खुर्चीत अवघडून बसण्याची, रात्र जागण्याची तयारी असलेला साधा माणूसही सोनेरी रांगेत उभा राहू शकत होता. नव्या वहीत फक्त पाकीट मोजले जाते.

प्रवाशाला विसावा मिळावा, ही कल्पना या तालुक्याला नवी नाही. खर्ड्याच्याच तालुक्यातल्या चौंडीत १७२५ मध्ये अहिल्याबाईंचा जन्म झाला; आता जिल्ह्यालाही त्यांचे नाव आहे. त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत तीर्थमार्गांवर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. धर्मशाळेच्या दारात कोणी कार्ड मागत नसे. तू किती कोस चाललास, हे विचारले जात होते ते पाय चेपायला, दर्जा ठरवायला नव्हे. आषाढीच्या आधी पैठणहून एकनाथमहाराजांची पालखी याच वाटेने पंढरपूरला जाते. तीही लांबचीच वाट, पायांनी कापलेली. पण वारकऱ्याच्या चालण्याची नोंद कोणाकडे नसते आणि ती असावी असे त्याला वाटतही नाही. आपल्या एसटीनेसुद्धा १९८८ मध्ये ‘आवडेल तेथे प्रवास’ म्हणून पास काढला, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात मोफत प्रवास दिला. इथे दर्जा मिळवायला फक्त म्हातारे व्हावे लागते.

एका गोष्टीने मात्र मी अस्वस्थ होतो. मैलांच्या इतिहासात थायलंडमधला एक किस्सा प्रसिद्ध आहे. २००१ मध्ये एका अमेरिकन व्यावसायिकाने तिथल्या भातशेतीवर राबणाऱ्या गरीब माणसांना मजुरी देऊन चियांग माई ते चियांग राय या छोट्या, स्वस्त उड्डाणावर पुन्हा पुन्हा बसवले. प्रवास त्यांचा, हिशेब त्याचा. लोक हा किस्सा हसत हसत सांगतात. या भागात राहणाऱ्याला हसू येत नाही. दसरा-दिवाळी झाली की जामखेड, पाटोदा, आष्टीकडची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. सहा महिन्यांनी परततात, तेव्हा पुष्कळांच्या खात्यावर उचल फिटायची राहिलेली असते. म्हणजे ही माणसे निघतानाच वजा बाकी घेऊन निघतात, आणि जितके दूर जातील तितके त्यांच्या मुलांच्या शाळेचे दिवस बुडतात.

बँकेत असताना आम्ही कर्ज मागणाऱ्याला विचारत असू : पत्ता कायमचा आहे का? फिरतीवर असणाऱ्याची पत आमच्या नियमांत कमी धरली जाई. दुसरीकडे, फिरतीवर असणाऱ्याचीच पत वाढवणाऱ्या वह्या जगाने काढल्या. दोन्ही नियम एकाच देशात, एकाच बँकिंगच्या छत्राखाली चालतात. कोणाच्या प्रवासाला दर्जा द्यायचा आणि कोणाच्या प्रवासाला जामीन मागायचा, हे अंतरावरून कधीच ठरत नव्हते. आता विमान कंपन्यांनीच तसे छापून टाकले आहे, एवढेच.

दिवाळीनंतर खर्ड्याच्या रस्त्याने ट्रॅक्टर जाऊ लागतील. मागच्या ट्रॉलीत भांडी, बाजलं, एखादी शेळी आणि चिंध्यांत गुंडाळलेली पोरे. किल्ल्यावरून ते दूरवर दिसतात. त्यांचा मार्ग अगदी जवळचा असतो; वळसा घालण्याची चैन त्यांना परवडत नाही.