मधुमेहावरील औषधे व वजनघट

मधुमेहावरील औषधांचा रुग्णाच्या वजनावर होणारा परिणाम एकसारखा नसतो. काहींनी वजन वाढते, काहींनी ते स्थिर राहते, तर काहींनी घटते. म्हणून औषध निवडताना रक्तातील ग्लुकोजाच्या प्रमाणाबरोबरच रुग्णाच्या शरीररचनेचाही विचार करावा लागतो.

रोग अनियंत्रित असताना ग्लुकोज मूत्रावाटे वाया जाते. शरीर आपलीच वसा (चरबी) व स्नायूंतील प्रथिने वापरू लागते आणि रुग्ण कृश होतो. ही घट रोगाचे लक्षण होय. १९२२ मध्ये टोरांटो येथे प्रथम रुग्णास दिलेल्या इन्शुलिनामुळे हा अपव्यय थांबतो व वजन वाढते. ग्लिमेपिराइडासारखी सल्फोनिल यूरिया गटातील औषधे अग्निपिंडातील इन्शुलिनाचा स्राव वाढवितात. त्यांनीही वजन काहीसे वाढते. फ्रेंच वैद्य झां स्टेर्न यांनी १९५७ मध्ये प्रचारात आणलेले मेटफॉर्मीन यकृतातील ग्लुकोजनिर्मिती कमी करते. त्याने वजन स्थिर राहते वा थोडे घटते.

ग्लिफ्लोझीन गटातील औषधे वृक्कांत (मूत्रपिंडांत) ग्लुकोजाचे पुनर्शोषण रोखतात. त्यामुळे मधुमेही रुग्णाच्या मूत्रातून बरेच ग्लुकोज बाहेर पडते व वजन साधारणपणे २–३ किग्रॅ. कमी होते. जीएलपी–१ या आतड्यातील हॉर्मोनाप्रमाणे कार्य करणारी औषधे भूक मंदावतात व जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. यांपैकी पहिले, एक्झेनाटाइड, २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याचे मूळ गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडले होते. आठवड्यातून एकदा टोचावयाच्या सेमाग्लुटाइडाने ६८ आठवड्यांत स्थूल पण मधुमेह नसलेल्यांचे वजन सरासरी सु. १५ टक्के, तर मधुमेही रुग्णांचे सु. १० टक्के घटले. दोन हॉर्मोनांचे कार्य करणारे टिर्झेपाटाइड भारतात २०२५ मध्ये उपलब्ध झाले. मळमळ, वांती व पित्ताश्मरी हे या औषधांचे संभाव्य दुष्परिणाम होत. घटलेल्या वजनात स्नायूंचाही अंश असतो आणि औषध थांबविल्यास वजन बहुधा पुन्हा वाढते.

भारतीयांच्या बाबतीत केवळ वजनाचा आकडा फसवा ठरतो. पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचा शरीरभारांक सु. २२ होता, परंतु शरीरातील वसेचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के आढळले. बाह्यतः कृश व्यक्तीच्याही पोटात वसा साचलेली असू शकते, हे यावरून दिसते. म्हणून वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजणे इष्ट असते.

लातूर जिल्ह्यातील रेणापूरसारख्या शेतीप्रधान तालुक्यात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. अंगमेहनत करणाऱ्या कृश माणसाचे वजन आणखी उतरू लागले, तर ते कष्टाचे वा अपुऱ्या आहाराचे फळ मानले जाण्याचा संभव असतो. त्याच्या जोडीला अतितृषा व बहुमूत्रता असल्यास रक्ततपासणी ताबडतोब करावी. अशा रुग्णात इन्शुलिनाची तीव्र न्यूनता असल्यास इन्शुलीन हाच मुख्य उपचार असतो. त्याला केवळ ग्लिफ्लोझीन दिल्यास रक्तात कीटोन द्रव्ये साचून प्राणावर बेतू शकते. उलट, पोट सुटलेल्या रुग्णाचे वजन आहारनियमन, व्यायाम व योग्य औषध यांनी घटल्यास ग्लुकोजाचे नियंत्रण सुलभ होते. वजनातील घट एकीकडे रोगाची खूण, तर दुसरीकडे उपचाराचे फलित असते. ती कोणत्या प्रकारची आहे, हे ठरविल्यावरच औषधाची निवड करता येते.