माकडतापाची वाटचाल

१९५७ साली म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ भोवतालच्या खेड्यांतील माणसे तीव्र ज्वराने अंथरुणास खिळली, तेव्हा सरकारदप्तरी ज्याची प्रथम नोंद झाली, तो हा माकडताप. परंतु माकड हे येथे मनुष्यासारखेच बळी आहे, आणि रोगाचा खरा वाहक गोचीड. मृत माकडाच्या अंगावरून गळालेल्या गोचिडी त्या जागेस विषाणूचे ठाणेच बनवतात, आणि लाकूडफाट्यास आलेला मनुष्य नेमका तेथेच सापडतो. त्याच्यापासून मात्र दुसऱ्यास हा ताप जडत नाही. गुरे, स्वतः बहुधा निरोगी राहून, प्रौढ गोचिडींचे भरणपोषण करतात, हा तपशील मला सर्वांत विलक्षण वाटतो. पुढे गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हा रोग दाखल झाला. तेथील काजूच्या बागांत मेलेले माकड दिसल्यास त्यास हात न लावता वनखात्यास तत्काळ वर्दी द्यावी.