वृषणाला पीळ : रक्त थांबल्याची इजा आणि रक्त परतल्याचीही

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी : मध्यरात्री अचानक वेदनेने जागा झालेला बारा-पंधरा वर्षांचा मुलगा घरच्यांना बहुधा एवढेच सांगतो, की पोटात दुखते आहे. दुखण्याची खरी जागा सांगण्याचा त्याला संकोच वाटतो. ओवा, गॅसची गोळी, 'सकाळी बघू' असे करत तास निघून जातात. वृषणाला पीळ पडला असेल, तर हेच तास निर्णायक ठरतात.

पीळ कसा पडतो?

वृषण शुक्ररज्जूच्या आधाराने लोंबकळत असते. शुद्ध रक्त आणणारी रोहिणी, अशुद्ध रक्त परत नेणारी नीला आणि शुक्रवाहिनी या रज्जूतूनच जातात. सामान्यतः वृषण मागील बाजूने आवरणाला घट्ट चिकटलेले असते. काही मुलांत जन्मतःच हा आधार नसतो आणि वृषण घंटेतील लोलकासारखे मोकळे हलते. खेळताना, मार लागल्यावर किंवा झोपेतही ते स्वतःभोवती फिरू शकते. नवजात अर्भके आणि १२ ते १८ वर्षांची मुले यांत हे प्रमाण अधिक आढळते.

नीलेची भिंत पातळ असते, त्यामुळे पीळ बसताच ती आधी दबते. रक्त आत येत राहते, पण बाहेर पडत नाही. वृषण सुजते, आतील दाब वाढतो आणि अखेर रोहिणीही बंद होते. पहिल्या सहा तासांत पीळ सोडविल्यास दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक वृषणे वाचतात. बारा तासांनंतर हे प्रमाण साधारण निम्म्यावर येते, तर चोवीस तासांनंतर दहांत एखादेच वाचते. पीळ किती वेढ्यांचा आहे, यावरही हे अवलंबून असते.

रक्त परतते तेव्हा

पीळ सुटला, वृषण गुलाबी झाले, म्हणजे संकट टळले असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात याच क्षणी दुसरी इजा सुरू होते. प्राणवायू नसताना पेशींतील ऊर्जेचा साठा संपतो आणि त्याच्या विघटनातून हायपोझँथिन नावाचे द्रव्य साचत जाते. रक्ताबरोबर प्राणवायू एकदम आत शिरला, की एका विकराच्या साहाय्याने या द्रव्याची त्याच्याशी अभिक्रिया होते आणि 'फ्री रॅडिकल्स' म्हणजे अतिशय आक्रमक रासायनिक कण तयार होतात. हे कण पेशींच्या आवरणातील स्निग्धांश जाळतात. पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून दाह वाढवितात. शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी सर्वांत नाजूक असल्याने त्या आधी मरतात. पुरुषी संप्रेरक बनविणाऱ्या पेशी त्या मानाने अधिक तग धरतात.

ही यंत्रणा केवळ वृषणापुरती नाही. १९८१ मध्ये मांजरांच्या आतड्यांवरील प्रयोगांतून ती प्रथम ठळकपणे मांडली गेली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तवाहिनी मोकळी करताना किंवा मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण करतानाही डॉक्टरांना तिचा विचार करावा लागतो.

मग पीळ सोडवूच नये की काय? अर्थातच सोडवावा. रक्त न मिळाल्यास वृषणाचा मृत्यू अटळ आहे. मात्र दुसरी इजा किती होणार, हे पहिली किती काळ चालली यावर ठरते. उशिराचा प्रत्येक तास त्यामुळे दोनदा नुकसान करतो. ही दुसरी इजा रोखण्यासाठी प्राण्यांवर अनेक औषधांचे प्रयोग झाले. परंतु रुग्णांसाठी सर्वमान्य ठरलेले औषध अद्याप नाही. वेळ वाचविणे हाच उपाय उरतो.

शस्त्रक्रियेत काय होते?

निदान स्पष्ट असेल तर तपासण्यांसाठी न थांबता शस्त्रक्रिया केली जाते. शंका असल्यास डॉप्लर सोनोग्राफीने रक्तप्रवाह पाहतात. पीळ सोडवून वृषण कोमट ओल्या कापडात ठेवतात आणि रंग परततो का, याची वाट पाहतात. परतल्यास ते टाके घालून स्थिर करतात. दुसऱ्या बाजूलाही तोच धोका असल्याने तेही स्थिर केले जाते. निर्जीव झालेले वृषण मात्र काढावे लागते. वाचलेले वृषणही पुढील काही महिन्यांत आक्रसू शकते, म्हणून फेरतपासणी आवश्यक असते. एक वृषण निरोगी असल्यास पितृत्व बहुधा शक्य असते, हे पालकांनी जाणून घ्यावे.

अंतराचे गणित

मराठवाड्यात या सहा तासांना अंतराचीही बाजू आहे. कन्नड, वैजापूर, सोयगाव ही तालुक्याची गावे शहरापासून सुमारे ६० ते १०० किलोमीटरवर आहेत. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजेच 'घाटी'त, लगतच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. रात्री दोनला कळ सुरू झाली, तर सहा तासांची मुदत सकाळी आठला संपते. बाह्यरुग्ण विभागाची वाट पाहण्यात अर्थ नसतो. थेट अपघात विभाग गाठावा किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

एका बाजूला अचानक तीव्र वेदना, सूज, वृषण वर सरकलेले दिसणे, ओटीपोटात दुखणे, मळमळ किंवा उलटी ही प्रमुख लक्षणे आहेत. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने मुलाला काही खाऊ-पिऊ घालू नये. चोळणे, शेकणे किंवा घरी पीळ सोडविण्याचा प्रयत्न करणे टाळावे. अशी वेदना झाली तर लाजू नये, लगेच सांगावे, हे मुलांना आधीच सांगून ठेवण्याची जबाबदारी मात्र घरातील मोठ्यांची आहे.